मेडिक्लेमचे कार्ड की ईएसआयसीचा नंबर? उमरेडच्या कामगाराने कशाचा आग्रह धरावा

माघ पौर्णिमेला उमरेडच्या आमच्या विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि बायका भांडी आवरत असताना एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. वय पंचवीस-सव्वीस. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या कामाला जाते. सातवा महिना सुरू आहे. तिने पर्समधून प्लास्टिकचे एक चकचकीत कार्ड काढून माझ्या हातात दिले.

“ताई, दिवाळीच्या आधी ठेकेदार बदलला, तेव्हापासून ईएसआयसी कटत नाही. त्याच्याऐवजी हे मेडिक्लेमचं कार्ड दिलं, दोन लाखांचं. तो म्हणते, आता प्रायव्हेटमध्ये जा, सरकारी रांगेत उभं राहायचं काम नाही. हाती पगारही शंभर रुपयांनं वाढला. चांगलंच झालं ना?”

कार्डाबरोबर तिच्या मोबाईलवर पॉलिसीचा कागद आला होता. तो आम्ही दोघींनी वाचला. विमा फक्त तिचा. नवऱ्याचा नाही, सासूचा नाही. बाळंतपण त्यात नाही. नोकरी सुटली की कार्डही संपले.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. उमरेड, भिवापूर, बुटीबोरी, हिंगणा इथे ठेकेदारीत काम करणाऱ्या आपल्या कित्येक पोरापोरींना असे कार्ड मिळते, आणि ‘कंपनीने विमा काढून दिला’ म्हणून घरात आनंद होतो. त्याच वेळी टीव्हीवर सांगितले जाते की आरोग्य विम्यावरचा जीएसटी सरकारने काढून टाकला, विमा स्वस्त झाला. या दोन्ही गोष्टींत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे कामगाराच्या खिशातून जाते, म्हणून हा हिशोब जरा सविस्तर मांडते.

ठेकेदाराचा हिशोब

या मुलीचा पगार महिना 14,000 रुपये. ईएसआयसीचा म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचा दर जुलै 2019 पासून असा आहे: मालकाने पगाराच्या 3.25 टक्के भरायचे, कामगाराने 0.75 टक्के. त्याआधी हे दर 4.75 आणि 1.75 होते. म्हणजे तिच्या पगारातून 105 रुपये कटायचे आणि ठेकेदाराला स्वतःच्या खिशातून 455 रुपये घालावे लागायचे. दोन्ही मिळून महिन्याला 560 रुपये. ‘शंभर रुपयांनी वाढलेला’ पगार तो हाच. कटणारे 105 रुपये थांबले, त्याला वाढ म्हणून सांगितले गेले.

आता ठेकेदाराकडून बघा. ईएसआयसीपोटी एका कामगारामागे त्याचे वर्षाला 5,460 रुपये जायचे. त्याऐवजी त्याने ग्रुप मेडिक्लेम घेतला. समजा एका कामगाराचा प्रीमियम 3,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 540 रुपये. एकूण 3,540. कामगारामागे 1,920 रुपये वाचले. साठ कामगार असतील तर वर्षाला 1,15,200 रुपये. शिवाय कामगार खूश, कारण हातात कार्ड आहे आणि पगार वाढलेला दिसतो.

फक्त एक अडचण आहे. हे करायची त्याला मुभाच नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आणि योजना लागू असलेल्या आस्थापनेत, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयसी लागू करणे ही सक्ती आहे, मालकाची मर्जी नव्हे. ‘आम्ही याहून चांगला विमा देतो’ असे म्हणून कुणालाही त्यातून बाहेर पडता येत नाही. कायद्यात सूट आहे, पण ती सरकारने लेखी आदेश काढून द्यायची असते. ठेकेदार तसे म्हणत असेल तर त्याला एवढेच विचारा: सूट दिल्याचा आदेश दाखवा.

कामगाराने ईएसआयसी आणि खाजगी आरोग्य विमा यांतून एक निवडावे, ही कल्पना सरकारी पातळीवरही येऊन गेली आहे. 2015 च्या अर्थसंकल्पी भाषणात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी तसा पर्याय देण्याचे बोलून दाखवले होते. त्याचा कायदा झाला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हाही ईएसआयसीची सक्ती तशीच राहिली. ‘निवड’ हा शब्द कानाला गोड लागतो, पण चौदा हजार पगाराची ठेकेदारीतली बाई ठेकेदारासमोर उभी राहून काय निवडणार? निवड ठेकेदारच करतो. आमच्या विहारात आलेले ते कार्ड त्याचाच नमुना आहे.

कार्ड काय देते, नंबर काय देतो

मेडिक्लेम दवाखान्याचे बिल भरतो, तेही ठरलेल्या रकमेपर्यंत आणि बहुतेक वेळा भरती झाल्यावरच. ईएसआयसीत उपचाराच्या खर्चाला अशी वरची मर्यादा नाही. साध्या तापापासून ओपीडी, औषधे, तपासण्या, आणि कामगारावर अवलंबून असलेले कुटुंब, सगळे त्यात येते. पण माझ्या मते खरा फरक बिलाचा नाही, बुडालेल्या मजुरीचा आहे. गरीब घर आजारपणात दोनदा मोडते. एकदा दवाखान्याच्या बिलाने आणि दुसऱ्यांदा बुडालेल्या हजेरीने. दुसऱ्या नुकसानीचा विचार मेडिक्लेममध्ये नसतोच.

ईएसआयसीत आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरवून दिलेल्या दीर्घ आजारांत 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. कामावर अपघात होऊन अपंगत्व आले तर 90 टक्के दराने. कामावर मृत्यू झाला तर विधवेला आणि मुलांना मिळून 90 टक्के दराने दर महिन्याला. 11 एप्रिल 2025 ला, जोतिबांच्या जयंतीच्या संध्याकाळी, उमरेड एमआयडीसीतल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा नुकसानभरपाईच्या एकरकमी आकड्यांवर खूप बोलले गेले. लेकरे मोठी होईपर्यंत दर महिन्याला घरात काय येणार, यावर फारच कमी बोलले गेले. दवाखान्याचा खर्च भरणारे मेडिक्लेमचे कार्ड अशा वेळी त्या घराला काहीच देत नाही.

आणि बाळंतपण. ईएसआयसीत 26 आठवडे पूर्ण पगार. या मुलीच्या बाबतीत साधारण 84,000 रुपये. महिन्याला 105 रुपये वाचले म्हणून ती खूश होती, आणि त्या बदल्यात काय सुटत होते ते तिला कुणी सांगितलेच नव्हते.

ईएसआयसीचा कारभार उत्तम आहे असे मी म्हणत नाही. उमरेडच्या कामगाराला मोठ्या उपचारासाठी नागपूरला जावे लागते, पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडवून. रेफरलच्या चिठ्ठीसाठी चकरा होतात. ही तक्रार खरी आहे आणि ती लावून धरली पाहिजे. पण दवाखाना लांब आहे म्हणून हक्कच सोडून देणे म्हणजे ठेकेदाराला हवे तेच करणे.

जीएसटी गेला, पण कोणाचा?

आरोग्य विम्यावरच्या जीएसटीची गोष्ट योगायोगाने आपल्या नागपूरशी जोडलेली आहे. 2024 च्या जुलैत नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा 18 टक्के जीएसटी काढावा, असे सुचवले. ते पत्र एलआयसीच्या नागपूर विभागातील कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून लिहिलेले होते. नागपूरच्या एका कर्मचारी संघटनेचा कागद दिल्लीत गाजला, ही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि 22 सप्टेंबरपासून हा कर शून्य झाला.

पण कोणत्या विम्यावर? व्यक्तीने स्वतः घेतलेल्या पॉलिसीवर. त्यात कुटुंबाची फ्लोटर पॉलिसी आणि ज्येष्ठ नागरिकांची पॉलिसी आली. मालकाने कामगारांसाठी घेतलेल्या ग्रुप पॉलिसीवर 18 टक्के तसाच आहे. कुणी स्वतः 10,000 रुपयांचा विमा घेतला तर 10,000 भरेल. तेवढ्याच प्रीमियमचा विमा छोट्या कारखानदाराने कामगाराला काढून दिला तर 11,800 भरावे लागतील.

यावर कुणी म्हणेल, मालकाला भरलेला जीएसटी वळता करून मिळतो. कच्च्या मालावर मिळतो, हे खरे. कामगारांच्या आरोग्य विम्यावर मात्र जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) ने ती वजावट अडवली आहे. एखाद्या कायद्याने असा विमा काढणे मालकावर बंधनकारक असेल तरच ती मिळते. म्हणजे हौसेने, चांगुलपणाने विमा काढणाऱ्या मालकावर पूर्ण 18 टक्क्यांचा बोजा पडतो. मग तो बोजा कुठेतरी उतरवला जातो. पॉलिसीतून आई-वडील वगळले जातात, पाच लाखांचे तीन लाख होतात, किंवा बिलाचा वीस टक्के भाग कामगारानेच भरायचा अशी अट येते. पावतीवर कर मालकाच्या नावाने दिसतो, पण सोसतो कामगार.

काही कंपन्या आई-वडिलांच्या विम्याचा अर्धा प्रीमियम पगारातून कापतात. त्या कपातीवर कंपनीला आणखी जीएसटी लावावा लागतो का, असा प्रश्न 2018 मध्ये महाराष्ट्राच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणासमोर आला होता. कंपनी विम्याचा धंदा करत नाही, म्हणून अशी वसुली ही सेवा ठरत नाही, असे प्राधिकरणाने म्हटले. असा निर्णय काटेकोरपणे त्या अर्जदारापुरताच असतो. तरी पगारपावतीवर अशी जास्तीची रक्कम दिसली तर विचारायला हरकत नाही.

ईएसआयसीच्या योगदानावर मात्र जीएसटी नाहीच. महामंडळाच्या विमाधारकांना दिलेल्या सेवा करातून मुक्त आहेत. त्या मुलीच्या नावाने भरलेल्या 560 रुपयांतला एकही रुपया कर म्हणून कापला जात नाही. तिच्या मेडिक्लेमच्या 3,540 रुपयांतले 540 मात्र आधीच कर म्हणून गेले. वर विमा कंपनीचा खर्च, एजंटचे कमिशन आणि नफा वेगळा.

आपल्या संघटनांसाठी इथे एक सूचना. अधूनमधून कुणीतरी सुचवतो की समाजासाठी ग्रुप विमा काढू, हजार सभासद जमवू, स्वस्तात पडेल. हेतू चांगला असतो. पण केवळ विमा घेण्यासाठी जमवलेला गट विमा नियामकाच्या नियमात बसत नाही, आणि बसलाच तरी ग्रुप पॉलिसी म्हणून 18 टक्के कर लागतो. त्यापेक्षा ज्याला परवडते त्याने स्वतःच्या कुटुंबाची पॉलिसी घ्यावी. तीही घेताना जुन्या आणि नव्या पावतीतला मूळ प्रीमियम ताडून पाहा. कर शून्य झाल्यामुळे विमा कंपन्यांना त्यांच्या स्वतःच्या खर्चावरचा जीएसटी आता वळता करता येत नाही, आणि तो भार मूळ प्रीमियममध्ये मिसळला जाऊ शकतो.

आयकराची उलटी उतरंड

जीएसटी निदान सगळ्यांना दिसतो. आयकराची सवलत दिसत नाही, आणि मला ती जास्त खटकते.

मालकाने कर्मचाऱ्याच्या आरोग्य विम्याचा प्रीमियम भरला तर ती रक्कम कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरली जात नाही. मालकालाही तो खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येतो. ऐकायला चांगले आहे. आता दोन माणसे घ्या. वर्षाला 24 लाखांच्या वर कमावणारा, 30 टक्क्यांच्या टप्प्यातला एखादा मॅनेजर. त्याच्यासाठी कंपनी 20,000 रुपयांचा प्रीमियम भरते. तेवढीच रक्कम पगारात मिळाली असती तर उपकरासह 31.2 टक्के, म्हणजे 6,240 रुपये कर गेला असता. ते वाचले. सरकारने त्याच्या विम्याला 6,240 रुपयांची मदत केली, असाच त्याचा अर्थ. आता पॅकिंगमधली आपली मुलगी. तिचे वर्षाचे उत्पन्न 1,68,000. तिला आयकर नाहीच. मग करसवलतीतून तिला काय मिळाले? शून्य. ज्याला आजारपण सोसण्याची ताकद जास्त, त्याला मदत जास्त. ज्याला ताकद नाही, त्याला मदत नाही.

कलम 80-डी ची गोष्टही तशीच. स्वतः भरलेल्या प्रीमियमवर 25,000 रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी 50,000 पर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती नाही. मालकाने भरलेल्या प्रीमियमची माफी मात्र नव्या प्रणालीतही चालू आहे. म्हणजे चांगली नोकरी असेल तर सवलत टिकते, स्वतःच्या पैशाने विमा घेतला तर जाते. आपल्यातले शिक्षक, बँकेतले, सरकारी नोकरीतले बांधव यांनी याकडे केवळ ‘टॅक्स वाचवायचा’ म्हणून न बघता एकदा या बाजूनेही बघावे.

हे धोरण कुठून येते, याचे टोकाचे उदाहरण अमेरिका आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, तिथे पगारवाढीवर सरकारने बंधन घातले. पगार वाढवता येईना म्हणून कंपन्या कामगार टिकवायला आरोग्य विमा देऊ लागल्या. त्या विम्यावर कर लागत नाही हे 1943 मध्ये कर खात्याने मान्य केले आणि 1954 च्या कायद्याने ते पक्के झाले. तेव्हापासून तिथे नोकरी म्हणजे विमा आणि नोकरी गेली की विमा गेला, अशी रचना बसली. इतका श्रीमंत देश आजही त्यातून सुटलेला नाही.

त्याच वर्षांत इथे काय चालले होते

अमेरिकेत हे घडत असताना, जुलै 1942 पासून 1946 पर्यंत, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मार्च 1943 मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे दिले गेले. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी तो तपासला. मालकाच्या मर्जीवर आणि करसवलतीवर सोडून न देता मालक-कामगार दोघांनी भरायचा सक्तीचा निधी, ही दिशा तेव्हा ठरली.

इथे एक दुरुस्ती करावीशी वाटते. आपल्याकडे फिरणाऱ्या पोस्टमध्ये ‘ईएसआय कायदा बाबासाहेबांनी केला’ असे सरसकट लिहिलेले असते. कायदा एप्रिल 1948 मध्ये झाला, तेव्हा मजूरमंत्री जगजीवन राम होते आणि बाबासाहेब कायदेमंत्री. पाया त्यांच्या मजूर खात्यात घातला गेला, हे ठामपणे सांगावे. त्याहून जास्त सांगायची गरज नाही, कारण जे झाले तेच पुरेसे मोठे आहे. 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि 1954 मध्ये ती नागपुरात आली. एम्प्रेस मिल आणि मॉडेल मिलचे हे शहर. त्या गिरण्यांत आपले आजे-पणजे राबले. अनेकांच्या घरात ‘कामगार दवाखान्याचं बुक’ असायचे, ते याच योजनेचे.

उमरेडकरांसाठी त्याहून जवळची गोष्ट कोळशाची आहे. डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेबांनी धनबादच्या कोळसा खाणींना भेट दिली. लगेच जानेवारी 1944 मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर, आणि त्या पैशातून खाणकामगारांसाठी दवाखाने, पाणी, घरे, शिक्षण. कर आणि आरोग्य यांचे नाते असेही जोडता येते. वरच्या पगारवाल्याला माफी देऊन नव्हे, तर खाणीच्या मालावर कर लावून आणि तो खाली खणणाऱ्याच्या दवाखान्याला देऊन. 1986 मध्ये तो कायदा रद्द झाला, कारण राष्ट्रीयीकरणानंतर ही जबाबदारी कोळसा कंपन्यांकडे गेली होती.

आणि आज? 2016 पासून कोळशावर टनाला 400 रुपये उपकर होता. 2017 नंतर तो राज्यांच्या जीएसटी नुकसानभरपाईच्या खात्यात जात होता, खाणकामगाराच्या दवाखान्याला नव्हे. 22 सप्टेंबर 2025 ला, ज्या दिवशी आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला त्याच दिवशी, तो उपकर बंद झाला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. आपल्या उमरेडच्या खुल्या खाणीतून निघणारा कोळसा आजही भरपूर कर देतो. खाणीच्या कायम कामगाराला कंपनीच्या दवाखान्याची सोय आहे. त्याच खाणीत ठेक्यावर डंपर चालवणाऱ्या, माती काढणाऱ्या पोराचे काय, हा प्रश्न वेगळा लढावा लागेल. जुन्या ईएसआय कायद्याच्या ‘कारखाना’ या व्याख्येत खाण येत नव्हती. त्यामुळे या पोरांना ‘ईएसआयसी कटते का’ एवढेच विचारून भागत नाही. ठेक्याच्या करारात वैद्यकीय सोयीची कोणती अट आहे, तेही मागून वाचावे लागते.

एकवीस हजारांच्या वर गेलेले

जानेवारी 2017 पासून ईएसआयसीची पगारमर्यादा 21,000 वरच आहे. महागाई वाढली, किमान वेतन वाढले, मर्यादा नाही. 21,000 वाल्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून महिन्याला 841 रुपये भरले जातात. पाचशेची पगारवाढ झाली की तो चालू सहामाही संपताच योजनेच्या बाहेर. आपल्यातला आयटीआय झालेला फिटर, डिप्लोमा झालेला सुपरवायझर नेमका इथे अडकतो. ईएसआयसी गेली, कंपनीने ग्रुप पॉलिसी घेतली तर घेतली. ही मर्यादा वाढवण्याची मागणी कामगार संघटना करत आल्या आहेत. आपल्या संघटनांच्या निवेदनात ती का नसते, हे मला समजत नाही. स्मारक आणि वसतिगृह यांच्यासोबत ही एक ओळही लिहावी.

तोवर अशा मित्रांना माझा सल्ला साधा आहे. कंपनीच्या कार्डावर निर्धास्त राहू नका. तब्येत ठणठणीत असताना कुटुंबाची छोटी का होईना स्वतःची पॉलिसी घ्या, आता तिच्यावर जीएसटी नाही. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा. नोकरी सोडताना ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि जुना काळ धरला जातो. पण हे नोकरी सुटण्याच्या आधी विचारायचे असते, नंतर नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिची माहिती घराघरांत द्याच. पण ती ठरवून दिलेल्या दवाखान्यांत, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहे. बुडालेली मजुरी तीही देत नाही.

कार्यकर्त्यांसाठी तपासायच्या गोष्टी फार नाहीत. पगारपावती मागा. तिच्यावर ईएसआयसीची कपात आहे का ते बघा. दहा आकडी विमा क्रमांक घ्या आणि ईएसआयसीच्या संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर पैसे खरेच जमा झाले का ते पाहा. पगारातून कापून न भरणे हा साधा उशीर नसून फौजदारी गुन्हा आहे. मालकाचे 3.25 टक्के कामगाराच्या पगारातून कापता येत नाहीत, मग कुणी ‘तुझा पगार सीटीसीत धरला आहे’ म्हणो. आणि सगळ्यात महत्त्वाचे: ठेकेदाराने भरले नाही तर ज्या कारखान्यात काम चालते तो मूळ मालक जबाबदार असतो. ठेकेदार दर वर्षाला बदलतो, कारखाना तिथेच असतो. म्हणून पत्र कारखान्याला लिहायचे, प्रत नागपूरच्या ईएसआयसी कार्यालयाला, आणि दोन्हीची पोच घ्यायची.

विहारातल्या मुलीचा जुना विमा क्रमांक तिच्या आईने डब्यात जपून ठेवलेला होता. तो टाकून पाहिला तर एप्रिल ते सप्टेंबर 2025 चे सगळे योगदान भरलेले दिसले. बाळंतपणाच्या लाभासाठी मागच्या दोन सहामाहींत मिळून 70 दिवसांचे योगदान लागते, आणि एप्रिल-सप्टेंबरच्या योगदानाचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जूनचा असतो. म्हणजे नव्या ठेकेदाराने ‘ईएसआयसी बंद झाली’ असे सांगितले, तरी तिचा हक्क कागदावर जिवंत आहे. ऑक्टोबरपासूनचे योगदान भरावे म्हणून कारखान्याच्या व्यवस्थापकाला पत्र दिले आहे, पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. तिच्यासोबत काम करणाऱ्या आणखी अकरा बायकांचे क्रमांक गोळा झाले आहेत, त्यातल्या चार जणींना आपला क्रमांक काय आहे हेच माहीत नव्हते. डॉक्टरांनी तिला एप्रिलचा दुसरा आठवडा सांगितला आहे.